शाळा सुटली

मुलगा सुटून आला, की माझं काम सुरू होतं. निरीक्षणगृहातून घरी परतलेल्या मुलांना पुन्हा शाळेत बसवायचं, हे ते काम. बसवणं त्यातल्या त्यात सोपं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मी ठाण मांडते आणि हिची बडबड ऐकण्यापेक्षा मुलगा परवडला, असं वाटून ते होकार देतात. पुढचं अवघड. तिथं माझी बडबड चालत नाही.

केनवडचा हा मुलगा नववीतला. मोठ्या पोरांच्या नादाने मोटारसायकलच्या चोरीत सापडलेला. पुन्हा शाळा बुडवली तर त्याला ठेवणार नाही, असं मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेच मी त्याला वर दोन शिव्या घालून सांगितलं. तो फारसा बोलायचाच नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याच्या आईला माझा फोन ठरलेला. एकदा मी रिसोडला असताना तिने तो सोयाबीनच्या सोंगणीवरून घेतला. मळणीयंत्राच्या आवाजात शब्द तुटत होते. पोरगा कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, "शाळा सुटली न त्याची, मॅडम." आणि फोन बंद पडला.

आपल्या भाषेचं हे असं आहे. रोज संध्याकाळी सुटते तीही शाळा आणि कायमची सुटते तीही शाळाच. मी फोन लावत राहिले, लागला नाही. केनवडकडे जाणारी मिळेल ती जीप धरली. रस्ताभर मनातल्या मनात त्याला झापलं, पण खरं तर मला रडू येत होतं. घरी मी एकटीच असते. यातलं एखादं पोरगं टिकलं की त्या दिवशी जेवण गोड लागतं, आणि ते सांगायलाही घरात कोणी नसतं.

शाळेच्या पायरीवर तो बसला होता, दप्तर मांडीवर घेऊन. बाकी सगळं सामसूम. शाळा रोजच्यासारखीच सुटली होती, खुळी मीच. इतकं हायसं वाटलं, की त्याच्यावरच खेकसले, काहून बसला रे अजून, घर नाही का तुले?

"पोट्टे चौकात उभे हायेत," तो म्हणाला. "मी गेलो का सारे गप होतात. माह्यासंगं कोणी चालत नाही. त्याइले जाऊ देतो आंधी."

मी त्याला उठवलं. चौकातून आम्ही बरोबर चाललो. सवयीने तो मागे राहायला लागला, तेव्हा दप्तराचा पट्टा धरून त्याला शेजारी ओढलं. पोरं खरंच गप झाली. मी मात्र मुद्दाम मोठ्याने काहीबाही बोलत राहिले.

घराला कुलूप होतं, आई अजून शेतातून यायची होती. किल्ली काढता काढता त्याने विचारलं, उद्या याल का?

हो म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. पण उद्या मला अनसिंगच्या एका मुलीकडे जायचं होतं, आणि परवा आणखी कुठे. मी नाही म्हटलं.

त्याने मान हलवली.

"मंग बसीन तसाच थोडा वेळ," तो म्हणाला. "पण शाळा सोडत नाही मी."

मला त्याचा अभिमान वाटला, आणि उद्याही तो पायरीवर एकटाच बसणार याचं वाईटही.