बिरूचे सहा सेल

सोलापूरबाहेरच्या माळावर आमचा फायरिंग कॅम्प पडला, तेव्हा मी सिग्नल स्टोअरचा नाईक होतो. लान्स नाईक बिरू माझ्या हाताखाली. सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरचा. माझ्याहून तीन वर्षांनी नवा; तरी टेलिफोनचं काही असलं की कॅप्टनसाहेब त्यालाच हाक मारायचे. खरं सांगतो, माझा जळफळाट व्हायचा.

टेलिफोनच्या सेलला दोन तारा लावून बिरू त्यांची टोकं जिभेवर टेकवायचा. झिणझिण्या आल्या तर सेल चांगला. साहेबांना ते पसंत पडलं. स्टोअरमधून सेल देण्याआधी मीही तसंच तपासायचं, असं त्यांनी सांगितलं. मी ‘यस सर’ म्हणालो. पण बिरूची उष्टी विद्या मी कशाला चाटू? एकदाही केलं नाही.

अशात हुकूम आला. फौजेसाठी परदेशी सेल विकत घ्यायचे नाहीत. लढाई लागून जहाजं थांबली तर आपले टेलिफोन मुके होतील. हुकूम रास्त होता, आजही तेच म्हणेन. जुना साठा वापरायला मात्र मुभा होती. बिरूकडे असे सहा सेल होते, खणखणीत. मी साहेबांना म्हणालो, तेही जमा करून टाकू. साहेब हो म्हणाले. बिरूचं तोंड उतरलं आणि मला लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्याला डेपोतून आलेले, आपल्याकडे बनलेले सहा सेल दिले.

“नाईकसाहेब, तपासलं का?”

“व्हय.”

तपासले नव्हते.

बिरू टेलिफोन घेऊन टार्गेटजवळच्या खंदकात गेला. मी तोफांपाशी, लाइनच्या दुसऱ्या टोकाला. दहा वीसला एक म्हातारा मेंढ्या घेऊन टार्गेटकडे निघाला. मधल्या चढामुळे आम्हाला तो दिसत नव्हता. बिरूला दिसला. त्यानं ‘फायर बंद’ सांगायला टेलिफोन उचलला. माझ्याकडे काहीच वाजलं नाही. मग तो लाल झेंडा घेऊन चढावर धावला.

झेंडा दिसताच साहेब ओरडले, “स्टॉप!”

एक गोळा आधीच सुटला होता, तो अलीकडे चढावरच पडला. म्हातारा वाचला.

एन्क्वायरीत सहापैकी चार सेल मेलेले निघाले. आपल्याकडचा माल कच्चा, असं लिहिलं गेलं. मी त्याखाली सही केली.

महिन्यानं बिरूच्या आईला भेटायला गेलो. तिनं मला ताक दिलं. म्हणाली, “तुमचं लई नाव घ्यायचा. नाईकसाहेबानं दिल्यालं सामान म्या पुन्हा बघत न्हाय, म्हणायचा.”

लान्स नाईक बिरू. वय चोवीस. त्या सकाळी त्यानं तारा जिभेवर टेकवल्या नाहीत. माझं ‘व्हय’ त्याला पुरलं.