मुठीआडचा लाल रंग

तलवारीची पारख मला येते, हे मी कुणाची भीडभाड न ठेवता सांगतो. दुसऱ्या महायुद्धातली जपानी लष्करी तलवार माझ्या हातात द्या. ती हातानं घडवलेली की कारखान्यात कापलेली, मूठ मूळची की मागाहून चढवलेली, हे मी चहा निवायच्या आत सांगेन. नकली माल तर मला खोक्यातून बाहेर काढता काढताच कळतो. खऱ्या पात्याच्या धारेलगत एक पांढुरकी, लाटालाटांची रेघ असते. नकली पात्यावर ती ॲसिडनं काढलेली असते, आणि ॲसिडशी माझा पोटापाण्याचा संबंध आहे.

मी मूळचा पुण्याचा, धातुशास्त्र शिकलेला. गेली वीसेक वर्षं सिंगापुरात आहे. रोज कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या कारखान्यांत जातो आणि तिथले पाइप आणि टाक्या कुठे गंजताहेत ते शोधतो. इथलं नागरिकत्व मिळाल्यावर रीतसर परवाना काढून तलवारी घ्यायला आणि विकायला लागलो. बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी अडवली आहे. बायको तिला शस्त्रागार म्हणते आणि पाहुणे आले की तिचं दार लोटून घेते.

"अहो, लोक विचारतात मिस्टर सुट्टीच्या दिवशी काय करतात. काय सांगू? तलवारी विकतात?"

"सांग की. खोटं थोडंच आहे?"

ज्या तलवारीबद्दल सांगायचं आहे ती तोआ पायोहमधल्या एका चिनी आजींकडून आली. युद्ध संपल्यावर त्यांच्या वडिलांना गोदाम साफ करताना ती सापडली होती, आणि तेव्हापासून चादरीत गुंडाळून कपाटामागे पडली होती. आजी आता मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांनी ती मला लांबूनच बोटानं दाखवली. "माय फादर कीप, आय नेव्हर टच. यू टेक अवे लाह." इथल्या म्हाताऱ्या माणसांना या तलवारी डोळ्यांसमोर नको असतात, आणि युद्धात जपान्यांच्या अमलाखाली त्यांनी जे दिवस काढलेत ते ऐकल्यावर त्यात नवल वाटत नाही. मी गुंडाळी उचलली आणि कागदपत्रं पुरी करून घरी आणली.

चारच दिवसांनी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं आणि अवजारं लख्ख करून पाटावर मांडतात. सिंगापूरला आलो म्हणून मी ते सोडलेलं नाही. पाटावर विळी असते, पान्यांचा संच असतो, बायकोचा लॅपटॉप असतो, आणि अर्थातच तलवारी असतात. पात्याला हळदकुंकवाचं ओलं बोट लावायचं नाही, डाग पडतो, हे मी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. त्यामुळे पात्याजवळ नुसतं झेंडूचं फूल ठेवतो.

आदल्या दिवशी दुपारी मी सफाईला बसलो. या तलवारीची मूठ बांबूच्या एका लहानशा खुंटीवर बसलेली असते. खुंटी ठोकून काढली की मूठ निघून येते आणि पात्याचा आत दडलेला भाग दिसतो. घडवणाऱ्याची सही असली तर तिथेच असते. तिथला काळा गंज म्हणजे तलवारीच्या वयाचा पुरावा, त्याला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. तो मला पाठ होता. पण या तलवारीवर काळ्या गंजाच्या वर, एका अंगाला, तांबडं काहीतरी होतं. मळलेलं, पोपडे सुटलेलं. काळा गंज लोखंडाला राखतो आणि तांबडा खातो, हे मी नव्या इंजिनियरांना नेहमी घोकून घेतो. शिवाय दुसऱ्या दिवशी पूजा. देवापुढे खाता गंज कसा ठेवायचा?

बायको शेजारीच हार ओवत होती. तिनं वाकून बघितलं. "अहो, हा गंज आहे? मला तर रंग वाटतोय."

"गंजातलं आता तू मला शिकवणार?"

ती हसली आणि हाराकडे वळली. मी तेलाचं बोट फिरवलं, पितळी ब्रशनं हलके हलके घासलं, आणि खालच्या काळ्या थराला जराही धक्का न लावता सगळं तांबडं उतरवलं. काम इतकं सफाईदार झालं होतं की मी ते तिला मुद्दाम दाखवलं. पूजा झाली, श्रीखंडपुरी झाली, आणि मी तलवारीचे फोटो विक्रीसाठी इंटरनेटवर टाकले.

दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, एक जपानी गृहस्थ ती बघायला आले. सत्तरीचे असावेत. खास याच कामासाठी जपानहून आले होते. बूट काढून त्यांनी ते दाराकडे तोंड करून नीट ठेवले आणि मगच आत आले. इंग्रजी सावकाश, पण स्वच्छ बोलत होते. तलवार बघण्याआधी त्यांनी पिशवीतून एक वही काढली.

त्यांचे आजोबा युद्धात इथे सिंगापुरात अधिकारी होते. शरणागतीच्या वेळी सगळ्यांना तलवारी जमा करायच्या होत्या. आजोबांनी आदल्या दिवशी मूठ काढली, आतल्या भागावर लाल रंगानं आपलं आडनाव लिहिलं आणि मूठ परत बसवली. कधीतरी ती घरी येईल, अशी त्यांना आशा होती. हे त्यांनी मुलाला सांगितलं आणि मुलानं या नातवाला. सिंगापूरकडची तलवार विक्रीला आली की हे गृहस्थ जाऊन मूठ उघडून बघतात आणि वहीत नोंद करतात. त्यांनी वहीचं पहिलं पान मला दाखवलं. त्यावर ते आडनाव होतं, दोन अक्षरांचं.

ते "लाल रंगानं" म्हणाले तेव्हाच मला माझा पितळी ब्रश आठवला. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी परवानगी मागून खुंटी काढली, मूठ उतरवली, भिंग लावून दोन्ही बाजू बघितल्या. मग बोट ठेवून म्हणाले, "इथे काहीतरी होतं. इथलं काळं जास्त उजळ आहे." त्यांची पारख माझ्यापेक्षा कमी नव्हती.

मी सांगून टाकलं. लाल होतं, मला गंज वाटला, पूजेसाठी मी काढून टाकला. पूजा कसली तेही सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांना राग आल्याचं दिसलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"अक्षरं दोन होती की तीन?" त्यांनी विचारलं.

दोन म्हणणं किती सोपं होतं! आडनाव माझ्या समोरच उघडं होतं. दोन म्हटलं असतं तर हा माणूस तलवार छातीशी धरून घरी गेला असता. पण मी अक्षरं पाहिलीच नव्हती. वीस वर्षं ज्या डोळ्यांच्या जोरावर मिरवलो, त्यांनी तिथे फक्त गंज बघितला होता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तुम्ही ती घेऊन जा. मला पैसे नकोत."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दुसऱ्या कुणाच्या आजोबांची असली तर? त्यांचं घरही शोधत असेल."

त्यांनी मूठ परत चढवली, खुंटी अंगठ्यानं दाबून बसवली, आणि वही माझ्यापुढे सरकवली. काय पाहिलं आणि काय केलं ते मीच लिहावं, असं ते म्हणाले. कामावर मी रोज तपासणीचे अहवाल लिहितो, सह्या करतो. हात कधी अडत नाही. त्या दिवशी तीन वाक्यांना मला चहा पूर्ण गार होईपर्यंतचा वेळ लागला. लाल रंग होता. तो अक्षरांचा होता का, हे मी बघितलं नाही. मी तो पुसून टाकला. खाली सही केली.

त्यांनी ते शांतपणे वाचलं, वही मिटली आणि निघण्यापूर्वी विचारलं, "एकदा हातात धरू?"

मी दोन्ही हातांनी तलवार त्यांच्या हातांवर ठेवली. ते ती धरून उभे राहिले, बराच वेळ, डोळे मिटून. त्यांच्या आजोबांची असेल म्हणून, आणि नसेल तरीही.