नाळे बा

"तुमचे स्वरतंतू ठणठणीत आहेत," गुलबर्ग्याचे डॉक्टर म्हणाले आणि मला उठून नाचावंसं वाटलं. घशात गाठच असणार, असं धरून मी बिदरहून निघाले होते.

आजाराचं नाव फंक्शनल अफोनिया. म्हणजे पेटी शाबूत, पण सूर निघत नाही. मी स्वतः नर्स, तरी हे नाव नवं होतं.

"आवाज जायच्या आधी शेवटचं काय बोललात?"

"नाळे बा," मी कुजबुजले. कानडीत, उद्या ये.

आमच्या दवाखान्यात बायकांचा नवा वॉर्ड सजला होता. उद्घाटनापर्यंत तिथं कुणाला घ्यायचं नाही, आलेल्यांना नाळे बा म्हणा, असा मोठ्या साहेबांचा हुकूम. चिंताकी गावची एक मराठी बाई तापानं फणफणलेल्या सुनेला घेऊन आली. मराठी माणसाशी मी मराठीतच बोलते. पण 'खाट नाही' हे खोटं मराठीत म्हणायला जीभ वळेना. मी कानडीत सांगून मोकळी झाले.

"अक्का, नाळे बा कामून म्हणायलाव?" ती म्हणाली. "ते तर भूत येऊ न्हाई म्हणून दारावर लिहितेत. आमी काय भूत हाव?"

सून व्हरांड्यात निजली. सकाळी माझा आवाज गेला. आमच्या मैलूर भागातल्या शेजारणींनी ज्येष्ठमध चारला, खडीसाखर चारली. एकीनं तर खरंच भुतावर आळ घेतला.

"औषध माझ्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले. "अडलंय ते बोलून टाका." एवढ्यासाठी गुलबर्गा गाठलं का, असा रागच आला मला.

बिदरला परतून ड्यूटीवर गेले तर उद्घाटन पुढं ढकललेलं. सून अजून व्हरांड्यातच, सलाईन खिडकीच्या गजाला टांगलेलं. नव्या वॉर्डाचं दार मी सताड उघडलं.

"या, आत या!"

खरखरीत, पण माझाच आवाज. मीच दचकले. सुनेला धरून आत आणलं आणि पहिल्याच खाटेवर निजवलं.

मोठे साहेब धावत आले. "सिस्टर, ही खाट..."

"पेशंटची आहे, साहेब." व्हरांडाभर ऐकू गेलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

मेमो मिळाला, तो मिळणारच होता. उद्घाटनाला मात्र पाहुण्यांनी त्याच सुनेच्या खाटेशी उभं राहून फोटो काढला आणि साहेब शेजारी हसत होते.

नर्स बहिणींनो, घसा बसला तर आधी तपासून घ्या, हयगय नको. पण शेवटचं काय बोललात, तेही आठवून बघा.

सून बरी होऊन घरी निघाली, तेव्हा सासूनं माझा हात धरला. "अक्का, आता नाळे बा तापाला म्हना. मानसाला नगा म्हनू."

"व्हय," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले.