फक्कीकाकांचं दार

"अरे, भिंतीतून काय चालतोस? दारानं ये, दारानं!"

फक्कीकाका सोसायटीच्या मैदानात असे ओरडले, की मोरा बंदरातून सुटलेली लाँच अर्ध्या वाटेवरून परत फिरली म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो; पण ज्यांनी काकांचा आवाज ऐकलाय ते माझ्याशी वाद घालत नाहीत. भिंतीतून चाललेला इसमही मीच. भिंत म्हणजे मातीवर चुन्याच्या फक्कीनं मारलेली पांढरी रेघ. नेरूळच्या आमच्या चार मजली इमारती पाडून तिथं तीस मजली टॉवर होणार होता. त्यातलं एक अख्खं घर, लिफ्ट, पॅसेज आणि कंपाउंडपर्यंतची वाट काकांनी मैदानावर खऱ्या मापात आखली होती.

तळोज्याच्या कारखान्यांची आखणी करण्यात काकांची हयात गेली. आधी फक्की, मग कुदळ, हा त्यांचा धर्म. रिटायर झाले तरी हाताचा चुना सुटला नाही. पोरांचं खो-खोचं मैदान असो की गणपतीचा मांडव, काका डबा घेऊन हजर. "लग्नात सप्तपदीसुद्धा आखून आणली होती यांनी," काकू सांगायच्या. "सातवं पाऊल बसेना, तर भटजींना मागं सरकवलं!"

बिल्डरनं टॉवरचा व्हिडिओ दाखवला तेव्हा आम्ही सगळे तोंडाचा आ करून बसलो होतो. सात मजले नुसत्या गाड्या, आठव्यावर बाग, बागेत तरणतलाव. त्यात हिंडणारी माणसं सगळी गोरी, उंच आणि एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही. टाळ्या थांबल्यावर काका उठले.

"यातल्या बाईला मेथीची जुडी हवी झाली, तर ती बाहेर कुठून पडणार?"

"सर, रॅम्प आहे ना," कोवळा आर्किटेक्ट म्हणाला. "चांगला रुंद आहे."

"तो चाकांचा. मी पायांचं विचारतोय."

"सर, आजकाल सगळे गाडीनंच..."

"तुझी आई जाते का रे गाडीनं कोथिंबीर आणायला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण काकांचा प्रश्न थट्टेचा नव्हता, काकूंचा होता. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. रोज सकाळी वॉकर टेकत त्या मागच्या छोट्या फाटकातून बाहेर पडायच्या. बाहेर पडलं की बाजार. तिथं भाजीवालीच्या पालथ्या क्रेटवर तासभर बसून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकायच्या. "हाच माझा डॉक्टर," म्हणायच्या. नव्या नकाशात त्या फाटकाच्या जागी सलग भिंत होती.

"नकाशा डोळ्यानं बघतो तो गिऱ्हाईक," काका म्हणायचे, "पायानं वाचतो तो रहिवासी." म्हणून त्यांनी ते घर मैदानात आखलं आणि रविवारी सगळ्यांना वाचायला बोलावलं. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? चुन्याच्या रेघा ओलांडत बेडरूममधून थेट किचनमध्ये, किचनमधून थेट लिफ्टमध्ये! सेक्रेटरी एक पाय बाथरूममध्ये आणि एक शेजाऱ्याच्या हॉलमध्ये ठेवून म्हणाले, "वा! ऐसपैस आहे हो!"

दारादारानं गेल्या त्या एकट्या काकू. पॅसेजच्या वळणावर वॉकर रेघेला टेकला. "अहो, मी अडकले," त्या हसत म्हणाल्या. आडवातिडवा करून त्यांनी तो सोडवला आणि शेवटच्या जाड रेघेपाशी, जिथं फाटक हवं होतं तिथं, त्या थांबल्या. आम्ही तीच रेघ ओलांडून चहाला गेलो. नंतर नकाशाच्या मंजुरीचं मतदान झालं. माझा हात कुठं होता ते विचारू नका, खाली नव्हता.

टॉवर झाला. काका-काकू अकराव्या मजल्यावर. लिफ्ट पार्किंगमध्ये सोडायची, पुढं गेटपर्यंत रॅम्पच; काकू एकदाच त्या रॅम्पनं खाली निघाल्या. मागून हॉर्न वाजला, वॉकर घसरला, वॉचमननं धरलं म्हणून वाचल्या. त्यानंतर बाजार त्यांनी खिडकीतूनच बघितला. काका अर्ज देत राहिले, सेक्रेटरी "सिक्युरिटीचा इश्यू आहे, काका," म्हणत राहिले. अहो, या टॉवरमध्ये कुत्र्याला आंघोळीची खोली आहे! गाडीला चार्जिंगचं टेन्शन येऊ नये म्हणून खांबाखांबावर प्लग आहेत! आणि दोन पायांच्या माणसाला पायांनी बाहेर पडायला हातभर भोक नाही? कुणासाठी बांधलं हे? चाकांसाठी? मग मेंटेनन्सच्या मीटिंगलाही चाकांनाच बोलवा की!

एका सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर दार उगवलं. काकांनी चुना कालवून, मापात, कडीकोयंड्यासकट काढलेलं. सेक्रेटरींनी त्यावर रंग फासला. दुसऱ्या दिवशी दार हजर. पुन्हा रंग. महिनाभरात रंगाच्या थरांनी भिंत वीतभर जाड झाली आणि पार्किंगमध्ये एक गाडी कमी बसायला लागली.

"कशाला दमता काका?" मी म्हटलं.

"मी आखून ठेवतो रे. आखलेलं असलं की कुणीतरी खणायला येतं."

कुणी आलं नाही. कुदळ तर माझ्याकडेही होती, बाल्कनीतल्या कुंड्यांमागं.

गेल्या महिन्यात दोघं कामोठ्याला लेकीकडं राहायला गेले. जुनी चार मजली इमारत, तळमजला, दारात बाजार. सामान टेम्पोनं गेलं. लेकीनं गाडी आणली होती, पण काकू बसेनात. "गेटपर्यंत चालत जाणार. इथून एकदा तरी पायानं बाहेर पडू दे मला."

मग रॅम्पवरून ती वरात निघाली. पुढं काका, डब्यातून फक्कीची रेघ सोडत. त्या रेघेच्या आत काकू, वॉकर टेकत, एकेक पाऊल. मागं हॉर्न मारणाऱ्या गाड्यांची रांग, तिचं शेपूट पनवेलला. मी काकूंच्या मागोमाग चाललो. या वेळी रेघ ओलांडली नाही.

गेटवर काकूंनी श्वास घेतला. "भाजीवालीला सांग," म्हणाल्या, "तिचा क्रेट दुसऱ्या कुणाला देऊ नको म्हणावं."

ते गेले आणि मी सेक्रेटरींवर तुटून पडलो. "लाज वाटते का? एका म्हातारीसाठी भिंतीत तीन फुटांचं दार पाडता आलं नाही तुम्हाला?"

ते वॉचमनकडून रॅम्पवरची रेघ धुऊन घेत होते. पाइपवरची नजर न काढता म्हणाले,

"आता दार कशाला? ज्यांना लागत होतं, ते गेले ना."