पत्र्यापर्यंत न पोचलेली भिंत

आपली गरज माणसांना सांगायची नाही, असा आमच्या घरात नियम होता. सांगायची ती देवाला, आणि तीही मोठ्यानं. नियम आईचा. तो मोडायची कुणाची छाती नव्हती. कुणाची म्हणजे माझीच, कारण घरात आम्ही दोघीच असायचो.

मंगरूळपीरला पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातल्या एका खोलीत आम्ही राहत होतो. आई अंगणवाडीत मदतनीस होती. मानधन आलं तर आलं, नाहीतर रखडलं. पप्पा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर. आमच्यासारखी ख्रिस्ती घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी कुणाच्या तरी ओसरीत उपासना व्हायची. पाळकसाहेब वाशिमहून एसटीनं यायचे, आणि त्यांची एसटी चुकली की आईच बायबल उघडून वाचायला बसायची.

रोज संध्याकाळी आम्ही चटईवर गुडघे टेकायचो. उपासनेतल्या मोठ्या माणसांच्या प्रार्थनेत शांती, कृपा असे भारदस्त शब्द असत. आई मात्र देवाशी किराणा दुकानदारासारखी बोलायची. "प्रभू, गोडंतेल संपलं. डाळ उद्यापुरती हाय. पोरीची चप्पल तुटली, ते ध्यानात ठेव." मी एकदा तिला विचारलं, मनातल्या मनात सांगितलं तर त्याला कळत नाही का? ती म्हणाली, "मनात कायले? आपून का चोरी करून राह्यलो?"

आणि खरंच तेल यायचं. शेजारी गादीवाल्यांचं घर होतं. घरधनी कापूस पिंजून गाद्या-उशा भरायचे आणि त्यांच्या बायकोला मी खाला म्हणायची. ही खाला एकदम दारात उभी राहायची. भावानं रिसोडहून डाळ जास्तच पाठवली, ठेवायला डबा नाही. लेकीला चप्पल लहान झाली, नवीच आहे, फेकवत नाही. तेलाचा डबा आणला आणि डॉक्टरनं नवऱ्याचं तळलेलं बंद केलं. त्या डॉक्टरनं त्या माणसाचं किती वेळा काय काय बंद केलं असेल! आई एकदा नाही म्हणायची, मग घ्यायची. दार लोटलं की तिथंच डोळे मिटून देवाचे आभार मानायची. खालाच्या वाट्याला त्यातले फारसे येत नव्हते, हे मला तेव्हाही खटकायचं.

आमच्या आणि त्यांच्या खोलीमधली भिंत वर पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. हातभर फट होती. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, खालाचं पोरांवर खेकसणं, गादीवाल्यांचा खोकला, सगळं आमच्या घरात यायचं. त्यांचं आम्हाला ऐकू येतं तर आमचंही त्यांना जात असेल, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही.

पप्पा दर नाताळाला यायचे. येताना पतंगाचे कागद आणि कामट्या आणायचे, अंगणात बसून चांदणी करायचे, आत बल्ब सोडून दारावर टांगायचे. खळ मी करायची. त्यांच्या बोटांना सिमेंटनं भेगा पडलेल्या असायच्या आणि त्यांत खळ भरायची, मग ते हात पुढे करून मला पुसायला लावायचे. शेवटच्या नाताळानंतर जाताना ईस्टरला येतो म्हणाले. होळीपर्यंत फोन आले. मग नंबर बंद लागायला लागला. ठेकेदार म्हणाला, काम सोडून गेला, कुठं ते माहीत नाही. आई मामाला घेऊन पुण्याला जाऊन आली. परत आल्यावर तिनं पदर खोचला आणि भाकरी टाकायला बसली. कुणी विचारलं की म्हणायची, कामावर आहेत. नियम तो नियम.

पण ती देवालाही काही सांगत नव्हती. रोज मी कान देऊन ऐकायची. तेल सांगून झालं, मीठ सांगून झालं, गळक्या पत्र्याचंही सांगून झालं. पप्पांचं नाव नाही. मला तिचा भयंकर राग यायचा. मागितलंच नाही तर देव पाठवणार कसा?

नाताळ जवळ आला तेव्हा मला राहवलं नाही. प्रार्थनेत माझी पाळी आली आणि मी जेवढा आवाज निघेल तेवढा काढून म्हणाले, "प्रभू, पप्पाले घरी पाठव. मले चांदणी नको, नवा ड्रेस नको. पप्पाले पाठव."

मी आमेन म्हणाले. आई म्हणाली नाही. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

तेल येतं, चप्पल येते, तर पप्पाही येणार, याबद्दल मला शंका नव्हती. शाळा सुटली की मी स्टँडवर जाऊन उभी राहायची. लांब पल्ल्याची गाडी लागली की उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचे हात बघायची. असंच एकदा परत आले तर थोड्या वेळानं खाला दारात आली. तिच्या हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती. मी तिच्या मागंसुद्धा वाकून बघितलं. ती उंबऱ्यावर बसली, आमचीच तेलाची बाटली मागून घेतली आणि मला पुढ्यात ओढून वेण्या घालायला लागली. इतक्या करकचून घातल्या की डोळ्यांत पाणी यावं. मी आधीपासूनच रडत होते, ते वेण्यांवर खपून गेलं. त्यानंतर नर्सिंगला अकोल्याला जाईपर्यंत माझ्या वेण्या तिनंच घातल्या.

पप्पा आले नाहीत. आता मी वाशिमला नर्स आहे, घर स्लॅबचं आहे, आई माझ्याजवळ असते. डाळ संपली की दुकानातून येते. डिसेंबरात मी बाजारातली प्लॅस्टिकची चांदणी लावते आणि लावून झाली की उगीच रस्त्याकडे बघते. मला अजून पप्पा हवे आहेत. या वयातही हवे आहेत, आणि ते कमी होत नाही.

यंदा ईदला खालाकडे शीरखुर्मा प्यायला गेले. ती फार थकली आहे. माझे आखूड केस कुरवाळत बसली आणि तिनं आपणहून विषय काढला.

"तुही माय तेल मांगे, मी तेल आणो. डाळ मांगे, डाळ आणो. अल्लानं मले तिच्या भिंतीपाशी ठेवलं तं कायले, असं वाटे. तू बाप मांगला त्या दिवशी मी सारं घर पाह्यलं, बेटा. द्यायले काहीच नव्हतं. मंग तशीच आली."

घरी आल्यावर हे आईला सांगितलं. ती चकित होईल, कदाचित दुखावेलही, असं वाटलं होतं. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "एक डाव हळद मांगली अन् ते तवाच हळद घेऊन आली. देवानं तिलेच सांगतलं होतं द्यायले, मंग मी काय बोलू?"

"आणि पप्पा? त्यांचं तर तू कधी नाव घेतलं नाहीस."

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "जे तिच्या घरात नाही, ते तिच्या कानावर कायले घालाचं? तिचा जीव तुटला असता. त्याहिले मनातच मांगलं. आजून मांगून राह्यली."

एवढी वर्षं मी समजत होते की पप्पांना घरात मी एकटीच मागते आहे. मी तिच्याजवळ बसले आणि उरलेली मेथी निवडली.

संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो. माझ्या घराच्या भिंती वर स्लॅबला टेकलेल्या आहेत, पलीकडे काही ऐकू जात नाही. माझी पाळी आली तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, पप्पाले घरी पाठव."

आई आमेन म्हणाली.