वाचन एक, झोप पाच

सत्तावीस वर्षे मिस्त्रींनी जहाजाच्या पोटात काढली. वर प्रवासी पोहत, नाचत, जेवत, आणि खाली मिस्त्री पान्हा हातात घेऊन इंजिनाची सेवा करत. इंजिनानेही परतफेड केली. तळहातांना घट्टे दिले आणि दोन्ही कान निम्मे करून ठेवले. जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी मारून पाहिले आणि पाटीवर लिहून दाखवले, कारण बोललेले मिस्त्रींना धड ऐकू येत नव्हते. ‘आता खाली पाऊल टाकायचे नाही. आहे तेवढेही जाईल.’

मग या माणसाला ठेवायचे कुठे? स्वागतकक्षात ठेवावे तर त्यांच्या साध्या नमस्काराने माणूस दोन पावले मागे सरके. स्वयंपाकघराने आधीच हात जोडले. तेवढ्यात सहाव्या डेकवरच्या वाचनालयातली मुलगी लग्न ठरले म्हणून उतरून गेली, आणि मिस्त्रींची वर्णी तिथे लागली. ज्याचा आवाज लोखंडावर घण पडावा तसा, त्याला देवाने नेमके शांततेच्या खोलीत नेऊन बसवले. त्याच्या खोड्या त्यालाच ठाऊक.

खोली लांबट होती. समुद्राकडे पाच खिडक्या, आठ मऊ खुर्च्या, काचेची चार कपाटे. जहाज कलले की पुस्तके सांडू नयेत म्हणून प्रत्येक कप्प्यापुढे पितळी पट्टी. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एकही पुस्तक उघडले नाही. आधी साऱ्या पट्ट्यांचे स्क्रू आवळले, करकरणाऱ्या खुर्चीला तेल पाजले, आणि मग बाजारातून आणलेली भाजी तोलावी तसे एकेक पुस्तक हातात तोलून जड ते खाली, हलके ते वर असे लावून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हेडबाई आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका, वर्षभराच्या लांब सफरीवर निघालेल्या. कपाटापुढे उभ्या राहिल्या आणि कपाळाला हात लावला.

“अहो मिस्त्री, या कादंबरीचा पहिला भाग वर, दुसरा पार तळाशी. हे काय?”

“दुसरा जाड आहे, बाई. वजन खाली असलं की कपाट डोलत नाही.”

“आणि तिसरा?”

“तिसरा मधे. तिथपर्यंत लिहिणारा थकला असणार.”

हे उत्तर समोरच्या व्यायामशाळेत धावणाऱ्यांनाही ऐकू गेले. हेडबाईंनी ओठांवर बोट ठेवले. मिस्त्रींना वाटले, बाईंचा दात दुखतोय.

इंजिनरूमची एक सवय मात्र त्यांनी वर येताना सोडली नाही. खाली दर तासाला वही लिहायची असते. तेल किती, तापमान किती, दाब किती, आणि खाली सही. मिस्त्रींची देवावर श्रद्धा होतीच, पण वहीवर काकणभर जास्त. त्यांनी वाचनालयासाठी नवी वही आखली. वेळ, माणसे, वाचन, झोप, इतर. दर तासाला उठून ते खोलीत एक फेरी मारत आणि जे दिसेल ते लिहीत.

‘अकरा ते बारा. माणसे सहा. वाचन एक, झोप पाच. खिडकीजवळचे गृहस्थ घोरत आहेत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पाहिले. थरथर एकसारखी, काळजीचे कारण नाही.’

‘बारा ते एक. माणसे दोन. वाचन दोन. इतर : एका बाईंनी शेवटचे पान आधी वाचले. समज दिली.’

असे आठ महिने बरे चालले होते. मग जहाजावरच्या हॉटेलविभागाचे मॅनेजर साहेब बदलून नवे आले. खोल्या, जेवणखाण, करमणूक हे सगळे त्यांच्या हाताखाली. माणूस वाईट नव्हता, पण रिकामी खुर्ची दिसली की त्यांच्या पोटात दुखे. ते दारातच उभे राहिले आणि खोली नजरेने मोजली.

“पत्त्यांची टेबलं टाकली तर इथं चाळीस माणसं बसतील,” ते म्हणाले. मिस्त्रींसाठी तेच पुन्हा मोठ्याने म्हणाले, आणि दोन झोपलेले जागे झाले. “महिनाअखेरीला मला तुमची वही हवी. कप्तानांपुढे ठेवणार आहे. वाचणारे नसतील तर ही खोली बंद.”

“आणि मी?”

“तुमच्यासाठी दुसरं काम नाही हो, मिस्त्री. पुढच्या बंदरावर उतरा, घरी जा, आराम करा.”

त्या दिवशी मिस्त्रींनी घरी फोन लावला. त्यांचा फोन म्हणजे सहावा डेक संपूर्ण आणि सातवा अर्धा.

“या की मग,” बायको ओरडली. “निम्मं ऐकू येतंय ना? संसाराला तेवढं पुष्कळ आहे.”

“घरी करू काय?”

“नळ गळतोय.”

“तो झाला एका दिवसात. मग?”

बायकोलाही ठाऊक होते. दर सुट्टीत हा माणूस घरी यायचा आणि पलंगावर टक्क जागा पडायचा. तळव्यांखाली थरथर नसली की त्याला जमीन मेल्यासारखी वाटे. जहाजावर कान गेले तरी पाय ऐकत होते.

हेडबाईंच्या कानावर हे सगळे गेलेच, न जाऊन सांगते कोणाला. त्या वही उघडून बसल्या आणि पानापानाला च्च्, च्च् करू लागल्या.

“मिस्त्री, झोप खोडा आणि वाचन लिहा. छातीवर पुस्तक असतं की नाही? मग ते वाचनच. डोळे मिटून.”

“खाली एकानं तेलाचा आकडा न बघता लिहिला होता, बाई. दोन दिवस भर समुद्रात उभे होतो.”

“इथं काय बुडणार आहे?”

“वही.”

“माझ्याकडे असाच एक विद्यार्थी होता,” हेडबाई वैतागून म्हणाल्या. “कॉपी न करता दरवर्षी प्रामाणिकपणे नापास व्हायचा.”

पण बाई स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सात मैत्रिणींना गोळा करून घेऊन आल्या. प्रत्येकीच्या हातात पुस्तक दिले आणि वर्गात देतात तशी ताकीदही दिली. बाहेर ऊन, आत गारवा, खालून इंजिनाची अंगाई. तान्ह्या बाळाला पाळण्यात घालून ‘झोपू नकोस’ म्हणण्यातलाच प्रकार. वीस मिनिटांत एकेक मान कलली.

‘दोन ते तीन. माणसे आठ. वाचन शून्य, झोप आठ. हेडबाई सर्वांत शेवटी.’

“निदान माझं तरी नाव नाही लिहायचं!” जाग आल्यावर बाई कडाडल्या.

“शेवटी लिहिलंय ना. मानाचं आहे.”

महिनाअखेरीच्या मंगळवारी मॅनेजर साहेब स्वतः पाहणीला आले. तेही जेवण करून. लोकांवर नजर ठेवायची तर हातात काहीतरी असावे म्हणून त्यांनी तळातले एक जाडजूड पुस्तक घेतले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. पुढे काय झाले ते मिस्त्रींनी नेमाने टिपले. साडेतीनला साहेब उठले, टाय सरळ केला, “पाहिलं मी सगळं” म्हणाले, आणि मिस्त्रींची नोंद संपताच वही न उघडता काखेत मारून चालते झाले.

संध्याकाळी कप्तानांनी दोघांना सुकाणूकक्षाशेजारच्या आपल्या खोलीत बोलावले. कप्तान बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी वही शेवटच्या पानावर उघडली. मिस्त्री दाराशी उभे राहून त्यांच्या ओठांकडे पाहत होते आणि मनात देवाचे नाव घेत होते.

“मंगळवार, दोन ते तीन,” कप्तान वाचू लागले. “माणसे चार. वाचन एक, झोप तीन. मॅनेजर साहेब पाहणीसाठी आले. दोन वाजून नऊ मिनिटांनी झोप लागली.” त्यांची नजर खाली सरकली. “तीन ते साडेतीन. साहेब तसेच. पुस्तक त्यांच्या पायावर पडले. उचलून ठेवले. पुस्तकाला इजा नाही.”

मॅनेजर साहेबांचे कान लाल झाले. “मी डोळे मिटून विचार करत होतो.”

“खरं आहे, मिस्त्री?”

मिस्त्रींनी खोटे बोलायचा एक क्षण प्रयत्न केला असेल, पण त्यांना ते यंत्रच बसवलेले नव्हते. “विचार करताना लाळ गळत नाही, साहेब,” ते म्हणाले. बाहेर सुकाण्यावरच्या माणसाने वळून पाहिले.

कप्तानांनी खिडकीकडे तोंड फिरवले. खांदे तेवढे हलत होते.

“जहाजावर चौदा ठिकाणी गाणी वाजतात,” शेवटी ते म्हणाले. “माणसाला डोळा लागावा अशी एक जागा राहू दे. पत्ते वरच्या डेकवर न्या.” मग मिस्त्रींच्या अगदी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून बोलले, “पण नाव वाचनालय आहे. रोज एकानं तरी जागेपणी वाचलंच पाहिजे. तुम्ही काय वाचता?”

“मी? पाळीवर?” मिस्त्री दचकले. “ड्यूटीवरचा माणूस वाचतो होय, साहेब?”

“आठ महिन्यांत काहीच नाही?”

“पुस्तकांची वजनं पाठ आहेत.”

“उद्यापासून रोज वाचायचं. हुकूम समजा.”

हुकूम म्हटल्यावर विषय संपला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मिस्त्रींनी वरच्या कप्प्यातले सर्वांत हलके पुस्तक काढले. हेडबाईंनी ते काढून घेतले आणि दुसरे हातात ठेवले. मिस्त्री ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचू लागले. तीनची नोंद केली. त्यानंतर बोट पुढे गेले, पान उलटले, आणखी एक उलटले. पेन वहीवर आडवे पडून राहिले.

मान वर केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते.

“अरे देवा!”

खुर्च्यांमधून पाच माथी एकदम वर आली. मिस्त्रींनी वही ओढली. सत्तावीस वर्षे खाली आणि आठ महिने वर, एवढ्या काळातला हा पहिला रिकामा रकाना. त्यांनी लिहिले, ‘तीन ते सहा. नोंद नाही. पाळीवरचा माणूस वाचत होता.’ खाली सही केली, पण समाधान होईना.

“बाई, या तीन तासांत किती जण झोपले होते?”

हेडबाईंनी चष्मा शोधत शोधत जांभई दिली.

“मला विचारता? मी कुठं जागी होते?”