काऊन हासली, ते इंग्रजीत सांग

हिवराळे सर गेले. आज त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी हसले.

गालातल्या गालात नाही. चांगली मोठ्यानं, भरल्या मांडवात.

भन्तेजींचं त्रिशरण-पंचशील झालं होतं. सरांच्या फोटोपुढे मेणबत्त्या तेवत होत्या. अर्धं गाव, म्हणजे आमचं धामणगाव बढे, सतरंजीवर बसलेलं, आणि माइकवर एकेक जण सरांबद्दल बोलत होता.

मी बोलणारच नव्हते. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, सकाळीच सांगून टाकलं होतं की माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. आपल्या माणसांसमोर उभं राहिलं की माझा गळाच बसतो. दुखणं जुनं आहे.

सरांना ते मी आठवीत असतानाच कळलं होतं.

सरांचा इंग्रजीचा तास म्हणजे प्रत्येकानं समोर यायचं आणि इंग्रजीत काहीही बोलायचं. म्हैस, बाजार, शेजारणीचं भांडण, काहीही.

चुकलं तर माफ.

पण कोणी हसलं, तर माफी नाही.

"काऊन हासला बे? ये समोर. आता काऊन हासला, थे इंग्रजीत सांग."

का हसलो ते इंग्रजीत सांगण्यापेक्षा छडी परवडली असती.

माझी पाळी आली. मी "माय फादर इज फार्मर" एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं घशात अडकलं. आणि मागच्या बाकावरून गजानन फिसकन हसला.

गजानन म्हणजे आमच्या वर्गातला लेटलतीफ. सकाळी डेअरीवर दूध घालून यायचा. तास अर्धा झाला की दारात उभा राहून विचारायचा, "मे आय कम इन, सर?"

सर फळ्यावरून नजरही न हटवता म्हणायचे, "कम इन, गजाननराव. इंग्रजी तुमचीच वाट पाहून राह्यली."

रोज. अगदी रोज.

तर त्या दिवशी गजाननराव समोर आले. फळ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. घामाघूम. छताकडे बघून झालं, खिडकीकडे बघून झालं. सर खुर्चीत निवांत बसलेले, घाई कसलीच नाही.

शेवटी तो म्हणाला,

"सर, आय लाफ... बिकॉज... नेक्स्ट नंबर माइन. आय फिअर."

वर्गात कोणीच हसलं नाही.

सरांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मग माझ्याकडे वळले.

"पाह्य. हासणाराले बी भेवच लागते. आता बोल तू."

मी बोलले. वडिलांनंतर आई, आईनंतर दोन्ही बैल, मग विहीर. घंटा झाली तरी माझं चालूच होतं. इंग्रजी कसली, सगळी खिचडी होती. पण सर अशी मान डोलवत होते की मला वाटलं, आपण फारच भारी बोलतोय.

आज मी पुण्यात नोकरी करते. दिवसभर परदेशातल्या लोकांशी कॉलवर बोलते. उच्चार अजून धामणगावचेच आहेत. ऑफिसात कोणी हसलं तर मला राग येत नाही. वाटतं, याचा नंबर पुढचा असणार.

एवढं मोठं काम त्या माणसानं एका तासात करून टाकलं होतं.

असो. मांडवाकडे येते.

माइकवरून गजाननचं नाव पुकारलं. आता त्याची स्वतःची डेअरी आहे. पोट सुटलंय, पांढरे कडक इस्त्रीचे कपडे, गावात मान आहे. गडी माइकपाशी गेला, फोटोकडे पाहिलं, आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं,

"मे आय कम इन, सर?"

आणि मी हसले.

सगळा मांडव वळून माझ्याकडे बघायला लागला. मागे एक म्हातारे बाबा पुटपुटले, "काय पोरगी हाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रांगेतून काकू उठल्या. रडून रडून डोळे सुजलेले.

"काऊन हासली व माय?"

मी उठून उभी राहिले.

"समोर ये. तुले नियम माईत हाय ना?"

गजानन बाजूला सरकला. मी माइकपाशी जाऊन उभी राहिले. फोटोतले सर निवांत, घाई कसलीच नाही.

"सर, आय लाफ्ड बिकॉज... गजानन आस्क्ड यू. अँड आय वेटेड. फॉर युअर आन्सर, सर. आय रिअली वेटेड."



"काय म्हणते थे?" काकूंनी गजाननला विचारलं.

गजानन म्हणाला, "काकू, सर कम इन म्हणतीन, म्हणून वाट पाहून राह्यली होती थे."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "बोला आता, गजाननराव."

पंगतीत बुंदी वाढायला तोच होता. माझ्या पानात जरा जास्तच पडली. पोटभर जेवले मी.

सर, तुमचा आजचाही तास चांगला झाला.

येते. जय भीम.